इलेक्ट्रिक प्रेशर कुकर: डिस्प्ले चालू, पण भांडं कोमटच

निखारा (धागाकर्ता)

सहा लिटरचा, १००० वॅटचा, बटणांचा कुकर आहे. खालच्या पट्टीवर २२०-२४० व्होल्ट छापलंय. डिस्प्ले लागतो, बटणं चालतात, प्रोग्राम निवडला की प्रीहीटची खूण येते. पुढे चाळीस मिनिटं गेली तरी आतलं पाणी कोमटच. वाफ नाही, झाकणातली दाबाची पिन वर येत नाही, एरर कोडही नाही. रबर रिंग नवी घातली, फरक शून्य. हाताशी मल्टीमीटर आणि प्लगमध्ये लावायचा वॉटमीटर आहे, सोल्डरिंग जमतं. सुरुवात कुठून करू? हीटिंग प्लेट आधीच मागवून ठेवावी का?

ओहमकार

काहीही मागवू नका. प्लेट हा यातला सगळ्यात दणकट भाग, तो सगळ्यात शेवटी जातो.

"तापत नाही" या दोन शब्दांत तीन वेगळे आजार दडलेले असतात. एक, हीटरपर्यंत वीज पोचतच नाही. दोन, पोचते पण आतला सर्किट बोर्ड ती मध्येच तोडतो. तीन, हीटर व्यवस्थित तापतो पण वाफ निसटून जाते. रबर रिंगचा संबंध फक्त तिसऱ्याशी. तिथे पाणी खळखळ उकळतं, दाब तेवढा धरत नाही. तुमचं पाणी कोमट आहे, म्हणजे रिंगचा यात काडीचाही दोष नाही.

आता वॉटमीटर लावा आणि ही चाचणी करा. आतल्या भांड्यात मोजून १ लिटर पाणी घ्या, झाकण बाजूला ठेवा, परतण्याचा म्हणजे सॉटे मोड लावून सगळ्यात जास्त पातळी निवडा. सॉटे मुद्दाम, कारण त्यात झाकणाच्या लॉकचा स्विच चित्रातच येत नाही. १ लिटर पाणी २५ अंशांवरून १०० अंशांवर न्यायला साधारण ३१४ किलोज्यूल लागतात. म्हणजे १००० वॅटला ३१४ सेकंद, सव्वापाच मिनिटं. भांडं, प्लेट आणि उघड्या तोंडातून जाणारी उष्णता धरून ७ ते ९ मिनिटांत उकळी यायला हवी. त्या वेळात मीटरवरचा आकडा कसा वागतो ते लिहून ठेवा:

आकडा २-३ वॅटच्या वर जातच नसेल तर रिले (बोर्डाच्या हुकमाने हीटरची वीज जोडणारा स्विच) ओढत नाही, म्हणजे जोडला जात नाही, किंवा रिले ते हीटर ही साखळी कुठेतरी तुटली आहे.

पूर्ण १००० वॅट दिसून पाणी गार असतानाच शून्यावर आला, तर सेन्सरकडे बघा.

स्थिर पण कमी असेल तर घरातला व्होल्टेज मोजा. वॅट व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटतात. २३० ऐवजी २०० व्होल्ट मिळाले तर १००० वॅटचे ७५६ च उरतात. लांब, बारीक एक्स्टेंशन वायर असेल तर ती काढून थेट भिंतीतल्या सॉकेटला लावून बघा.

आणि आकडा नाचत असेल तर ते वेगळंच प्रकरण, मग पुढे बोलू.

तापमापी

+१. कुकर उघडण्याआधी आणखी चार गोष्टी बघून घ्या. ऐकायला बाळबोध वाटतात, पण अर्ध्या तक्रारी इथेच मिटतात.

उशिरा सुरू होण्याचा टायमर लागलेला नाही ना? डिस्प्लेवर आकडे उलटे मोजले जातात आणि आपल्याला वाटतं स्वयंपाक चालू आहे. तसंच चुकून "गरम ठेवा" लागला असेल तर तो बहुतेक कुकरांत ६० ते ८० अंशांच्या दरम्यानच थांबतो.

वायर काढता येणारी असेल तर कुकरच्या मागचं सॉकेट बॅटरीच्या उजेडात बघा. पिनेभोवतीचं प्लास्टिक तपकिरी किंवा फुगलेलं दिसलं तर वायर आणि सॉकेट दोन्ही बदलायचे. एकच बदलला तर जुना ढिला भाग नव्यालाही जाळतो.

तिसरी गोष्ट महत्त्वाची. भांडं बाहेर काढा. प्लेटच्या मध्यभागी नाण्याएवढी गोल बटणासारखी टोपी दिसेल, तो तापमानाचा सेन्सर. बोटाने दाबला की २-३ मिलिमीटर खाली जाऊन स्प्रिंगने टुणकन वर यायला हवा. त्याच्या कडेच्या फटीत एखादा दाणा वाळून बसला की तो तिरका अडकतो. प्लेटवर दाणा असेल तर भांडं एका बाजूने उचललं जातं, प्लेटची उष्णता भांड्यात जात नाही, प्लेट स्वतःच तापते आणि सेन्सर बोर्डाला सांगतो की पुरे झालं. पाणी गार आणि प्लेट कडकडीत असा उलटा प्रकार होतो. ओलसर फडक्याने आणि लाकडी काडीने साफ करा, सुरीने खरवडू नका.

शेवटची, भांड्याचा तळ. पोलादी पट्टी उभी धरून तळावर ठेवा आणि पलीकडून उजेड बघा. काही भांड्यांचा तळ मुळातच किंचित वक्र असतो आणि प्लेटही त्याच आकाराची असते, तेव्हा दुसऱ्या मॉडेलचं भांडं बसलं तरी ते चालेलच असं नाही.

बिनधास्त

एवढा उपद्व्याप कशाला? खालचं झाकण उघडा, हीटरच्या वायरीत पांढऱ्या नळीत घातलेला थर्मल फ्यूज असतो. तो काढून दोन्ही टोकं जोडून टाका. दहापैकी आठ वेळा तोच गेलेला असतो.

पेचकस

बिनधास्त, हा सल्ला वाचून कुणी खरंच जोडणी करेल, म्हणून सविस्तर लिहितो.

या कुकरमध्ये तापमानावर तीन पहारे असतात: सेन्सर आणि बोर्ड हा पहिला, दाबाचा स्विच दुसरा आणि थर्मल फ्यूज तिसरा. पहिल्या दोघांना थांबवता आलं नाही तरच तिसरा उडतो. तो उडाला म्हणजे आधीच्या दोघांपैकी कुणीतरी झोपलेलं होतं. अशा वेळी फ्यूज शॉर्ट केला की रिकामं भांडं असतानाही हीटर चालू राहू शकतो, आणि मग ॲल्युमिनियमची प्लेट, सभोवतालचं प्लास्टिक असं क्रमाने वितळतं. तपासणीपुरतंही शॉर्ट करायची गरज नाही, मल्टीमीटरचा बीप पुरेसा आहे.

फ्यूज उडण्याचं नेहमीचं कारण म्हणजे रिलेचे संपर्क वितळून एकमेकांना चिकटणं. प्लग काढून रिलेच्या दोन जाड टोकांत मीटर लावा. कॉइलला (रिले ओढणाऱ्या तारेच्या गुंडाळीला) वीज नाही म्हणजे संपर्क उघडे, मीटरवर अनंत रोध दिसला पाहिजे. शून्य ओहम आला तर रिले चिकटलाय. तो न बदलता नवा फ्यूज घातलात तर नवाही उडणार.

नवा फ्यूज घेताना जुन्याच्या अंगावर छापलेलं तापमान आणि ॲम्पिअर दोन्ही तंतोतंत जुळवा. जास्त तापमानाचा घेतला तर पहारा ढिला पडतो, कमीचा घेतला तर विनाकारण उडतो. तो सोल्डर करू नका, दाबून बसवायच्या धातूच्या नळीने क्रिंप करा. सोल्डरिंग आयर्नचं टोक ३०० अंशांच्या वर असतं, जोडता जोडताच फ्यूज उडतो आणि नवा भागच खराब आला असं वाटून माणूस चक्रावतो. वरून काचतंतूची नळी चढवा, साधी प्लास्टिकची नको.

निखारा (धागाकर्ता)

चाचणी केली. सेन्सर साफ आहे, मोकळा हलतो. सॉकेट स्वच्छ. घरात २२८ व्होल्ट.

वॉटमीटर मात्र नाचतोय. सॉटे लावल्यावर आकडा ९८० पर्यंत उडी मारतो, लगेच शून्य, पुन्हा ९०० च्या आसपास, पुन्हा शून्य. आतून टिक-टिक-टिक आवाज येतो, सेकंदाला दोन-तीन वेळा. दहा मिनिटांत पाणी २७ वरून ४१ अंशांवर आलं, तेवढंच. प्लगच्या दोन पिनांत ओहम मोजले तर मीटर काहीच दाखवत नाही. म्हणजे हीटर तुटला का?

ओहमकार

नाही. प्लगच्या पिनांतून हीटर मोजताच येत नाही, मध्ये उघडा रिले बसलेला असतो. ही चूक फार जण करतात आणि चांगली प्लेट फेकून देतात. शिवाय तुटलेला हीटर ९८० वॅट घेत नाही.

तरी बोर्डाकडे वळण्याआधी साखळी मोजून घ्या, उघडणार आहातच. प्लग काढा, पंधरा मिनिटं थांबा, कुकर उलटा करून तळाचे स्क्रू काढा. झाकण ओढून काढू नका, त्याला आतून अर्थची वायर असते. आधी फोटो, मग लग (वायरीच्या टोकाचे चपटे धातूचे जोड) काढा.

हीटरच्या दोन टोकांतला रोध = व्होल्टेजचा वर्ग भागिले वॅट. २३० व्होल्ट, १००० वॅटला ५३ ओहम. ७०० वॅटच्या लहान कुकरला ७५-७६, १२०० वॅटच्या मोठ्याला ४४. १२० व्होल्टवर चालणारा १००० वॅटचा कुकर असेल तर १४.४. यात पाच टक्के इकडेतिकडे चालतं.

हीटरचं टोक ते प्लेटचा धातू: काहीही दिसता कामा नये.

थर्मल फ्यूज: शून्य.

दाबाचा स्विच: कुकर रिकामा असताना बंद, म्हणजे शून्य. आत दाब वाढला की भांडं आणि प्लेट केसाएवढी खाली सरकतात आणि हा स्विच उघडतो. त्याच्या मधल्या स्क्रूवर रंगाचा ठिपका असतो, तो कारखान्यात लावलेला दाब आहे. त्याला हात लावायचा नाही.

अर्थची पिन ते प्लेट: अर्ध्या ओहमच्या आत.

आणि प्रत्येक चपटा लग बोटाने हलवून बघा. ढिला लग ठिणग्या पाडतो आणि आकडा असाच नाचवतो. काळा-निळा पडलेला लग पक्कडीने आवळून भागत नाही, कापून नवा बसवावा लागतो.

उघडझाप

निखारा, एकच प्रश्न. टिक-टिक होते तेव्हा डिस्प्ले मंद होतो का? खोलीतला दिवा मालवून बघा.

निखारा (धागाकर्ता)

हो! प्रत्येक टिकला डिस्प्ले किंचित मंद होतो. आधी लक्षातच आलं नव्हतं.

मोजमापं: हीटर ५३.४ ओहम, प्लेटशी काही नाही. फ्यूज शून्य, दाबाचा स्विच शून्य, अर्थ ०.२. लग सगळे घट्ट आणि चकचकीत.

उघडझाप

मग हीटर, फ्यूज, सेन्सर सगळे निर्दोष. रिलेचं पोट भरत नाहीये.

पॉवर बोर्डवर प्लगच्या वायरी येतात तिथे एक चौकोनी, पिवळा किंवा राखाडी, गुळगुळीत डबा असेल. त्यावर एक्स२ (घरातल्या विजेवर थेट लावायच्या कपॅसिटरचा सुरक्षा वर्ग) आणि २७५ किंवा ३१० व्होल्ट एसी असं छापलेलं असतं. बऱ्याच कुकरांत ट्रान्सफॉर्मर नसतो, हा कपॅसिटरच घरातल्या विजेतून मोजका करंट आत सोडतो आणि त्यावर डिस्प्ले, प्रोसेसर, रिले सगळे जगतात. १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर २३० व्होल्ट, ५० हर्ट्झवर सुमारे ७२ मिलिॲम्पिअर देतो. १२ व्होल्टच्या रिलेची कॉइल साधारण ३० घेते, बाकीचं डिस्प्लेला पुरतं.

आतल्या फिल्मवर धातूचा अत्यंत पातळ थर असतो. लाइनमध्ये झटका आला की तो एका बिंदूवर जळून बाजूला होतो आणि कपॅसिटर वाचतो. हीच त्याची खुबी. पण प्रत्येक वेळी थोडं क्षेत्रफळ जातं. झिजत झिजत क्षमता ०.४ वर आली की मिळतात जेमतेम २९ मिलिॲम्पिअर. रिले बंद असताना डिस्प्ले मजेत चालतो. रिले ओढला की व्होल्टेज कोसळतो, रिले सुटतो, व्होल्टेज सावरतो, पुन्हा ओढतो. तुमची टिक-टिक ती हीच. बोर्डाच्या लेखी हीटर चालू आहे, त्यामुळे एरर कोड येत नाही.

काम करताना एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा. या रचनेत कमी व्होल्टची बाजूसुद्धा घरातल्या विजेपासून वेगळी नसते. रिलेच्या कॉइलवर १२ व्होल्ट असले तरी त्याच ठिकाणी जमिनीच्या तुलनेत २३० असू शकतात. म्हणून प्लग लावून, उघड्या बोर्डावर काहीही मोजू नका. गरजही नाही. प्लग काढा, कपॅसिटरच्या दोन पायांत डीसी व्होल्ट मोजून शून्य असल्याची खात्री करा, एक पाय सोल्डरमधून सोडवा आणि मीटरच्या कपॅसिटन्स रेंजवर मोजा. बोर्डात असतानाचं मोजमाप शेजारच्या भागांमुळे फसवतं. छापलेल्यापेक्षा २० टक्क्यांहून जास्त घटलेला निघाला तर बदला.

जवळचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरही बघा. डोकं फुगलेलं असेल तर तोही काढा. त्याने क्षमता गमावली तरी हीच टिक-टिक होते.

मंदवाफ

धाग्यात घुसतोय, क्षमस्व. माझ्याकडे पाणी उकळतं, झाकणाच्या पिनेतून सतत वाफ जाते, पण पिन वर चढून बसत नाही. वॉटमीटर पूर्ण वॅट दाखवतो.

रबररिंग

तुमचा तिसरा प्रकार. ७५० मिली पाणी घाला, झाकण लावा, वाफेची खुंटी बंदकडे करा. ८-१० मिनिटांत पिन वर आली पाहिजे. नाही आली तर कोरडा आरसा झाकणाच्या कडेने फिरवा, जिथे धुकं जमतं तिथे गळती.

पिनेतूनच वाफ येत असेल तर झाकण उलटं करा. पिनेच्या खालच्या टोकाला करंगळीच्या नखाएवढी सिलिकॉनची टोपी असते. ती चिरलेली, ताणलेली किंवा धुताना चक्क हरवलेली असते. टोपीविना पिन वर येते पण भोक बुजवत नाही. वाफ कडेने येत असेल तर रिंग तारेच्या कड्यात सगळीकडून बसली आहे का ते बोट फिरवून बघा. हाताने सहज गोल फिरली पाहिजे. सहा-सात ठिकाणी दाबूनही एखादा फुगवटा राहतो, तो नेमका गळतो.

पूर्ण दाबाला आत साधारण ७० किलोपास्कल जादा दाब आणि ११५ अंशांच्या आसपास तापमान असतं. गळती असेल तर १०० च्या वर काटा हलत नाही आणि पाणी आटून शेवटी तळ करपल्याची सूचना येते. त्या सूचनेवरून सेन्सर बदलणारे लोक आहेत, म्हणून लिहिलं.

कोरडीबाट

माझा प्रश्न वेगळा. आतलं भांडं न ठेवताच ग्लासभर पाणी थेट कुकरमध्ये ओतलं गेलं. लगेच प्लग काढला. दोन दिवसांनी लावला तर सेन्सरचा एरर. सेन्सरच्या दोन वायरींत ३८ किलो-ओहम येतात, खोलीत २७ अंश. सेन्सर गेला?

तापमापी

बहुधा गेला नाही, भिजलाय. या कुकरांत बरेचदा २५ अंशांना १०० किलो-ओहमचा एनटीसी असतो, तापला की रोध कमी होतो. २७ अंशांना ९१-९२ हवेत, १०० अंशांना साधारण ७. (५० किलोचेही असतात, त्यांना २७ ला ४५-४६ हवेत; पुढचं गणित १०० किलोचा धरून.) ३८ म्हणजे बोर्डाला वाटतंय की गार कुकर ४८ अंशांवर आहे. आत शिरलेली ओल सेन्सरला समांतर ६५ किलो-ओहमची वाट करून देतेय असं गणित येतं.

गंमत अशी की हीच ओल गरम कुकरमध्ये फारशी जाणवत नाही. ८० अंशांना सेन्सर स्वतःच १२-१३ किलोवर येतो, मग त्या ६५ मुळे जेमतेम पाच-सहा अंशांची चूक होते. त्यामुळे भिजलेला सेन्सर गार असताना एरर देतो, आणि कसाबसा सुरू झालाच तर बरा वागतो. सेन्सर खरोखर बिघडला असेल तर तो गरममध्येही चुकतो. ओळखायची सोपी खूण: दोन्ही वायरींचा कनेक्टर बोर्डातून काढा, सेन्सरची टोपी तळहाताने मिनिटभर धरा. रोध सावकाश, सलग उतरला पाहिजे. उड्या मारत असेल तर वायर तुटतेय.

तळ उघडा ठेवून तीन-चार दिवस पंख्याखाली सुकवा. ड्रायरची गरम हवा जवळून मारू नका, प्लास्टिक वाकतं. सुकल्यावर रोध ९० च्या आसपास चढला की सेन्सर सुटला. मात्र प्लग लावण्याआधी हीटर ते प्लेट इन्सुलेशन ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजायच्या मीटरने) मोजून घ्या. हीटरच्या नळीतली मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड ओल शोषते आणि साध्या मीटरला ते कळत नाही. २ मेगाओहमच्या खाली असेल तर प्लेट सुटी करून, सेन्सर आणि प्लास्टिकचे भाग काढून, ओव्हनमध्ये १०० ते १२० अंशांवर दोन-तीन तास भाजा आणि गार झाल्यावर पुन्हा मोजा. मेगर नसेल तर मेगर असलेल्याकडे न्या. हे पाऊल वगळलं की अर्थ लीकेजचा ब्रेकर पडतो, आणि ब्रेकर नसेल तर त्याहून वाईट.

निखारा (धागाकर्ता)

छापील १ मायक्रोफॅरड, मोजला ०.४१. शेजारचा इलेक्ट्रोलिटिक ठीक. आता दुकानातून नुसता १ मायक्रोफॅरड, ४०० व्होल्टचा फिल्म कपॅसिटर आणला तर चालेल का? तो अर्ध्या आकाराचा आहे.

उघडझाप

नाही. तो ४०० व्होल्ट डीसीचा असणार. सतत एसीवर, झटके सोसत तो टिकत नाही आणि फुटताना शॉर्ट होऊ शकतो. एक्स२ च घ्या, ३१० व्होल्ट एसीचा मिळाला तर उत्तम, आणि पायांमधलं अंतर जुळवा. विकणारे "मालिकेत वापरण्यासाठी" किंवा दमट हवेसाठी असा वेगळा प्रकार ठेवतात, तो जास्त टिकतो. क्षमता वाढवू नका. १ च्या जागी २.२ घातला तर जादा करंट झेनरला (व्होल्टेज मर्यादेत ठेवणाऱ्या डायोडला) गिळावा लागतो आणि तो जळतो.

त्या एक्स२ कपॅसिटरला समांतर एक रेझिस्टर असतो, बहुधा ४७० किलो ते १ मेगाओहम. प्लग काढल्यावर कपॅसिटर रिकामा करणं हे त्याचं काम. तो तुटला असेल तर प्लगच्या पिनांना बोट लागताच झटका बसतो. हातासरशी मोजून घ्या.

निखारा (धागाकर्ता)

बदलला. रेझिस्टर ठीक निघाला, ६८० किलो. सॉटेवर सलग ९८० वॅट, एकच टिक, डिस्प्ले मंद होत नाही. १ लिटर पाण्याला २७ अंशांवरून उकळी ७ मिनिटं ४० सेकंदांत. झाकण लावून ७५० मिली पाण्यावर साडेसात मिनिटांनी पिन वर.

फक्त दाब आल्यावर अर्ध्या-एक मिनिटाने टिक होतं आणि वॅट शून्य, मग पुन्हा काही सेकंद ९८०. हे काय?

ओहमकार

तो बिघाड नाही. दाब आल्यावर फक्त बाहेर जाणारी उष्णता भरून काढायची असते, त्यासाठी हीटर थोडा वेळ लागतो आणि बराच वेळ बंद राहतो. तळाचं झाकण लावताना अर्थची वायर आठवणीने जोडा आणि पिन ते प्लेट एकदा पुन्हा मोजा.